डावा अंगठा, उजवा अंगठा

मोजणीबाईंच्या दोन्ही मुठींत एकेक काउंटर असायचा. अंगठ्याने दाबला की टिक्, आणि आकडा एकाने पुढे. डावा पायी जाणाऱ्यांचा, उजवा सायकलींचा. मोटारी आणि ट्रक मोजायला रस्त्याच्या पलीकडे दुसरी माणसं होती, त्यांच्याशी बाईंना कर्तव्य नव्हतं. बारा वर्षं त्या चौकाचौकांत घडीचं स्टूल टाकून बसल्या होत्या आणि त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. याचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवतही नसत.

पण या वेळी स्टूल जणू तापलेलं होतं. चौक होता पुलाच्या तोंडाशी, आणि मोजणी होती सायकलींना वेगळा पट्टा द्यायचा की नाही ते ठरवण्यासाठी. तीन दिवस, सकाळी सात ते अकरा. तिन्हींपैकी एका दिवशी जरी चारशे सायकली भरल्या तरी पट्टा मिळणार, नाहीतर फाईल बंद. बाईंची लेक रोज त्याच पुलावरून सायकलने कामाला जायची. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी घरोघर फिरून नमुने गोळा करायची. मागे कॅरियरला बर्फाची पेटी, आणि उजव्या कोपरावर अकरा टाक्यांचा व्रण. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकचा आरसा तिला याच पुलाच्या चढावर लागला होता. आरसा फुटला म्हणून ड्रायव्हरच तिला ओरडला होता!

त्या दिवसापासून बाईंनी लेकीला शपथ घातली होती. चौक आला की उतरायचं, सायकल हातात धरून कठड्याच्या कडेने चालत पूल ओलांडायचा, पलीकडे गेल्यावर बसायचं. लेक कुरकुरली, पण ऐकत होती.

पहिल्या दिवशी अकरा वाजता उजव्या काउंटरवर आकडा होता एकसष्ट.

बाईंचा विश्वास बसेना. सकाळभर सायकलींची रीघ लागली होती, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सूतगिरणीच्या बायका, दूधवाला, शाळेचे मास्तर. पण थोडे सोडले तर प्रत्येक माणूस चौकात उतरत होता आणि सायकल ढकलत कठड्याशी चालत होता. आणि नियम असा, की सायकल हातात धरून चालणारा माणूस पायी. म्हणजे डावा अंगठा. साडेनऊला त्यांची स्वतःची लेक समोरून चालत गेली, तेव्हाही त्यांनी डावाच दाबला होता.

कागद न्यायला पट्टीसाहेब आले. पर्यवेक्षकांना सगळे याच नावाने ओळखायचे, कारण त्यांच्या खिशात कायम स्टीलची पट्टी असे. आकड्यांच्या ओळीखाली पट्टी लावून ते ओळ तपासायचे आणि शेवटचा शेऱ्याचा रकाना रिकामा दिसला की त्यावर सरळ आडवी रेघ मारायचे. तो नेहमीच रिकामा असायचा.

"साहेब, हे लोक भीतीने उतरतात हो," बाई म्हणाल्या. "पट्टा नाही म्हणून उतरतात. आणि उतरतात म्हणून पट्टा मिळणार नाही. हा कुठला न्याय?"

"बाई, आपण मोजायचं. का, ते विचारायचं नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी रेघ ओढली.

संध्याकाळी भाजी चिरताना बाईंचा अंगठा उगाचच सुरीच्या मुठीवर टिकटिक करत होता. लेकीने दोनदा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. लेक आधी खो खो हसली.

"म्हणजे मी पायी? दोन वर्षं चेनला मी तेल घालते, पंक्चर मी काढून आणते, आणि मी पायी!"

"नियम आहे तो."

"मग दाब ना उजवा. कोण बघतंय?"

"आकड्यात खोट घालायला मी नाही बसले तिथे," बाई फाडकन म्हणाल्या. "एक खोटा घातला की सगळेच खोटे ठरतील."

लेक मग म्हणाली, "बरं. खोटा नको. खरा देऊ."

तिच्या बोलण्याचा रोख बाईंना दुसऱ्या दिवशी सकाळीही कळला नाही. त्या दिवशीही जवळजवळ सगळे उतरले, आकडा झाला चौपन्न, आणि बाईंचं डोकं फिरायची वेळ आली. कळलं संध्याकाळी, लेकीचा फोन सारखा टुंग टुंग वाजायला लागल्यावर. तिने ग्रुपवर टाकलं होतं. गिरणीच्या बायकांच्या ग्रुपवर, लॅबच्या, मास्तरांच्या. उद्या सकाळी कुणी उतरायचं नाही. सगळ्यांनी बसून जायचं.

"तुला वेड लागलंय का?" बाई ओरडल्या. "उद्या कुणाला काही झालं तर? मी तुला हे सांगून बसले म्हणून?"

"आई, रोज एकेकटे जायला भितात म्हणून उतरतात. उद्या एकामागे एक जाऊ."

"ट्रकला काय, एक काय न् दहा काय! तू उतरायचंस. बाकीचे जाऊ देत. शपथ आहे माझी."

"बाकीच्यांनाही आया आहेत, आई, त्या घरी बसून काळजी करतील. तू निदान तिथे समोर बसलेली असशील," लेक म्हणाली आणि सायकलच्या टायरमध्ये हवा भरायला बाहेर गेली.

तिसऱ्या दिवशी बाई स्टुलावर बसल्या नाहीत. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. सात दहाला गिरणीच्या बायकांची पहिली टोळी आली आणि चौकात कुणीच उतरलं नाही. टिक्. टिक्. टिक्. मागून एका बसने हॉर्न दाबला तो दाबूनच ठेवला. दूधवाल्याची किटली कठड्याला घासली. एक मालवाहू टेम्पो मास्तरांच्या इतक्या जवळून गेला की त्यांची पिशवी फडफडली. बाईंचा उजवा अंगठा चालू होता आणि जीव टांगणीला लागला होता. प्रत्येक टिक् बरोबर त्यांना वाटे, चला, हा सुटला. नऊला आकडा तीनशेच्या पुढे गेला. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांचे डोळे फक्त लांबवर बर्फाची पेटी शोधत होते.

साडेनऊला ती दिसली.

लेक चढाला लागली तेव्हा तिच्या उजव्या हाताला बस होती आणि बसच्या मागे पाण्याचा टँकर. त्यांच्या आणि कठड्याच्या मध्ये जेमतेम एका माणसाची जागा. पेटीच्या वजनाने सायकल किंचित डुलली. "उतर!" बाईंच्या घशापर्यंत आलं होतं. पण हाक मारली तर पोर वळून बघेल, आणि वळून बघितलं की तोल गेलाच. त्यांनी ओठ घट्ट दाबले. टँकर पुढे सरकला आणि त्याच्याआड लेक दिसेनाशी झाली.

डोळे उघडले तेव्हा टँकर गेला होता. पुलाच्या पलीकडे लेक एक पाय टेकवून उभी होती. तिने हात वर केला, हलवला, आणि ती निघून गेली. तिचे नमुने खोळंबले होते.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. मग त्या उठल्या आणि अकरापर्यंत उभ्या राहून मोजत राहिल्या.

"किती?" पट्टीसाहेबांनी विचारलं.

"चारशे सदतीस. आणि एक."

"मग अडतीस लिहा की."

"नाही. ती एक मी मोजलेली नाही. नियम आहे ना, पाहिलेलीच मोजायची. मी डोळे मिटले होते."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बारा वर्षांत बाईंची एकही सायकल सुटली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. "कुणाची होती?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी कागद ओढून घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: या चौकात मला माझ्या मुलीची सायकल उघड्या डोळ्यांनी मोजता आली नाही.

पट्टीसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. सवयीने हात खिशाकडे गेला, पट्टी अर्धी बाहेर आली, आणि त्यांनी ती परत आत ठेवली. मग शेऱ्याखाली सही केली.