लोण्याच्या मागे कोंडलेली कुपी

तुम्हाला कधी कुणी मायेपोटी थंडीत कोंडलंय का? मला कोंडलंय. मी टेस्टोस्टेरॉनची कुपी बोलतेय. जीव अंगठ्याएवढा, पोटात पिवळसर तेल, डोक्यावर रबराचं बूच, आणि नाव मात्र अंगावर मावत नाही एवढं लांब.

कारखान्यात जन्मले तेव्हाच माझ्या डोक्यात वारं शिरलं होतं. मी ज्याच्याकडे जाईन, त्याला एका टोचणीत दाढी फुटेल, आवाज खर्जात जाईल, लोक तोंडात बोटं घालतील! माझा हा तोरा डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत उतरवला.

"ही काही जादू नाही," त्या समोरच्या तरुणाला म्हणाल्या. "बदल सावकाश होतात, महिने जातात, वर्षंही. आवाज एकदा उतरला की परत चढत नाही. पुढे स्वतःचं मूल हवं असेल, तर त्याचाही विचार आधीच करायचा."

"तोच विचार करत होतो इतके दिवस, मॅडम. आता ठरलंय माझं."

तो कॉलेजात शिकणारा. जन्मला तेव्हा सगळ्यांनी मुलगी झाली म्हणून बर्फी वाटली होती. स्वतःला तो लहानपणापासून मुलगाच समजत आला. शेजारी त्याची आई बसली होती. ती घरी म्हणाली होती, "तुझं तू ठरव." इथे मात्र नुसता पर्सचा बंद पिळत होती. डॉक्टरीणबाई मला कपाटात ठेवायला सांगत होत्या, तेही तिच्या कानावरून गेलं.

आईचं दूध-लोण्याचं दुकान. तिचा एकच नेम, जपायचं ते गारठ्यात ठेवायचं. इंजेक्शन दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, तोवर मी त्यांच्या घरी. तिनं मला मुलाच्या टेबलावरून उचललं आणि दुकानातल्या फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे सारलं.

लोणी थंडीत घट्ट झालं की त्याला भाव येतो. माझ्या पोटात नुसते खडे झाले. दाढी फुटवायला निघाले होते, आणि इथे माझीच दातखीळ बसली!

संध्याकाळी मुलानं मला शोधून काढलं. उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, मुद्दाम केलंस ना?"

"काय केलं मी?"

"खडे झालेत यात! नको होतं तर तोंडावर सांगायचं. तोंडानं 'तुझं तू ठरव' आणि मागून हे?"

"अरे, नासू नये म्हणून ठेवलं!"

"दूध आहे का ते?"

"मला काय कळतंय त्यातलं! जन्मभर दूधच राखलंय मी."

तिरीमिरीत पोरानं दवाखान्यातल्या सिस्टरना फोन लावला. त्या आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "हाताच्या उबेत धरा, हळूहळू हलवा. खडे विरघळतात. उकळत्या पाण्यात मात्र घालू नका हं! सकाळी आणा. स्वच्छ दिसलं तरच टोचेन, नाहीतर दुसरी कुपी घेऊ."

"दे इकडे," आई म्हणाली आणि तिनं मला मुठीत घेतलं. तिच्या हाताला लोण्याचा वास होता. मुलगा दारात पाठ करून उभा.

"भीती वाटते रे मला," ती शेवटी म्हणाली. "नको असं नाही. पण उद्या तुझा फोन आला आणि मी आवाजच ओळखला नाही, तर?"

तो वळला. "तर विचार, औषध लोण्याशेजारी कुणी ठेवलं? उत्तर देईल तो तुझाच."

आई हसता हसता रडायला लागली. पण मूठ काही सोडली नाही. मी आतल्या आत विरघळत होते. उबेचं श्रेय मी घेत नाही, मी फक्त तेल आहे. तेव्हा बायांनो, माया कितीही करा, फक्त आम्हाला कपाटात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी मला खिडकीसमोर धरून पाहिलं, मी स्वच्छ निघाले, मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं, आणि सोबत आलेल्या आईनं त्या दिवशी दुकान दुपारी उघडलं.