वकिलाचा प्रचार

नगरपालिकेचा दवाखाना बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा नर्सबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्यांना स्वस्थ बसवेना. अर्धं आयुष्य त्यांनी तिथेच इंजेक्शनं देण्यात आणि लोकांच्या जखमा बांधण्यात घालवलं होतं. तो वाचवायचा म्हणून तिथली डॉक्टरीण निवडणुकीला उभी राहिली, आणि बाई आपणहून तिच्या प्रचाराला गेल्या.

अडचण नवऱ्याची होती. ते वीज कंपनीत लाइनमन होते. खांबावर चढण्यात पटाईत, आणि युनियनच्या सभेत बोलायला उभे राहिले की त्याहून पटाईत. पण अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता. चहाचा कप खाली ठेवून ते चहा मागायचे. कधी स्वतःच्या घरात बसून घरी जायचंय म्हणायचे. त्यांना एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून बाई त्यांना बरोबर घेऊनच दारोदार हिंडू लागल्या.

सुरुवातीला बरं चाललं होतं. बाई पत्रक देऊन दवाखान्याबद्दल सांगायच्या, आणि ते शेजारी मान डोलवत उभे राहायचे. म्हातारं जोडपं बघून कुणाला तोंडावर दार लावायचा धीर व्हायचा नाही. मग एका घरासमोर त्यांना एकदम कंठ फुटला. पाठ ताठ झाली, आवाज जुन्या सभांमधला झाला.

"कामावरून काढलेल्यांसाठी कोर्टाची पायरी कोण चढलं? एक पैसा न घेता कोण भांडलं? वकीलसाहेब. मग मत कुणाला द्याल?"

दारातला माणूस गोंधळला. "वकील? पण तुमच्या उमेदवार तर डॉक्टरीणबाई ना?"

वकीलसाहेब म्हणजे लाइनमनांचे जिवलग मित्र. तरुणपणी युनियनने त्यांना निवडणुकीला उभं केलं, तेव्हा लाइनमनांनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. वकील थोडक्यात पडले. पुढे ते वारले त्यालाही आता जमाना झाला होता. खांदा द्यायला लाइनमनच पुढे होते.

असं आणखी काही घरांत झालं. प्रचाराचं कार्यालय एका रिकाम्या टायरच्या दुकानात होतं. तिथला कारभार बघणारा चष्मेवाला भला माणूस होता. बाई आल्यावर तो बराच वेळ पत्रकांचे गठ्ठे उगाच सारखे करत बसला.

"बाई, काकांना उद्यापासून घरी ठेवता आलं तर बघा ना," तो शेवटी म्हणाला. "हा वकील कोण, असं लोक विचारतात. राग मानू नका."

"तुमचं बरोबरच आहे हो," बाई म्हणाल्या. पण घरी जाताना त्यांनी नवऱ्याचा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला शेजारणीकडे सोपवलं. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तेवढ्यात ते निसटले. शेजारणीचा रडवेला फोन आला तशा बाई हातातली पत्रकं टाकून धावल्या.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. "आले होते. वकिलाला मत द्या म्हणाले. मी म्हटलं देतो, माझं काय जातंय?"

पुढच्या घरातल्या बाईने त्यांना पाणी दिलं होतं. त्याच्या पुढचा माणूस मात्र वैतागला होता. "म्हातारबाबांना आवरा हो. दार तोडायचं तेवढं बाकी होतं."

दारं विचारत विचारत बाई बसस्टॉपपाशी पोचल्या. ते बाकावर बसले होते. एका पायात चप्पल नव्हती, चेहरा उन्हाने लाल झाला होता, पण स्वारी खुशीत होती.

"अगं, कुठे होतीस? सगळी गल्ली आपल्या बाजूला आणली मी."

बाई शेजारी बसल्या आणि त्यांच्या तळव्याची धूळ पदराने पुसत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी चष्मेवाल्याला कळवलं, "मला आता यायला जमायचं नाही."

मतदान शाळेत होतं. मतपत्रिका घेऊन लाइनमन एकटेच पडद्याआड गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते कोरी मतपत्रिका हातात घेऊन.

"यात वकिलाचं नावच नाही. छापायला विसरलात."

"काका, आहेत त्यांतलं एक निवडा," टेबलामागची कर्मचारी म्हणाली.

"हा सरळसरळ घोटाळा आहे. मी तक्रार करणार."

रांगेत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी हसलं. बाईंनी त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवलं, नाना परींनी समजावलं. ते ऐकेनात. पुन्हा आत जायला उठले, तेव्हा बाई थकून गेल्या आणि खरं बोलल्या.

"अहो, वकीलसाहेब गेले."

"कुठे?"

"वारले ते."

लाइनमन पुन्हा बाकावर बसले आणि रडू लागले. बाईंनी नवऱ्याला असं रडताना एकदाच पाहिलं होतं, आणि तेही याच माणसासाठी. "मला कुणी कसं सांगितलं नाही?" ते म्हणत राहिले. "मित्र होता गं माझा. शेवटचा बघायला तरी गेलो असतो." तुम्ही गेला होतात, हे बाईंच्या तोंडून निघेना.

मग त्यांनी डोळे पुसले. "वहिनींना भेटायला हवं."

वकिलांची बायको शाळेच्या मागेच राहायची. तिने दार उघडलं तसे लाइनमनांनी हात जोडले. "वहिनी, मला आत्ताच कळलं."

तिने नर्सबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. क्षणभराने ती दारातून बाजूला झाली. "या भाऊजी, बसा."

बसल्यावर ते वकिलाबद्दल बोलू लागले, आणि ऐकता ऐकता तिलाही हुंदका आवरेना. निघताना नर्सबाई माफी मागायला लागल्या, तर तिने त्यांचा हात दाबला.

"माफी कसली? त्यांच्यासाठी रडायला आता कोण येतं माझ्याकडे?"

निकालाच्या दिवशी चष्मेवाल्याचा फोन आला. डॉक्टरीण पडली होती, तीही मोठ्या फरकाने. आता दवाखान्याला कुलूप लागणार हे नक्की होतं. फोन ठेवून बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. डोळे वाहत होते.

"काय झालं गं?" लाइनमनांनी विचारलं.

"निकाल लागला."

"आला का वकील निवडून?"

बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. परवाचं रडणं त्यांच्या गावीही नव्हतं. ते पुन्हा सांगण्याचं बळ बाईंच्यात नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पडले."

मग पलंगावर सरकून त्यांनी बाईंसाठी जागा केली.

"असू दे. पुढच्या खेपेला आणखी घरं करू. तू नको रडू."