मिसेस धांडेचा शेवटचा भाग

माझा मावसभाऊ गजेंद्र इंगोले इंग्लंडमध्ये टीव्हीवर बाईचं काम करायचा. अमरावतीत हे सांगायला आम्हाला बरीच वर्षं संकोच वाटे. कोणी विचारलं तर "तो टीव्हीत आहे" एवढंच म्हणायचो, आणि लोक समजायचे, दुरुस्तीचं काही असेल.

गजेंद्र माणिकमावशीचा मुलगा. अकोल्याला ताजनापेठेत त्यांचं भाड्याचं घर होतं. त्याचे वडील खुशालकाका कृषी विद्यापीठात कापसाच्या धाग्यावर काम करायचे. गजेंद्र चार वर्षांचा असताना माणिकमावशी तापाने गेली. पुढे काकांना इंग्लंडात नोकरी लागली तेव्हा त्यांनी मुलाला अमरावतीला माझ्या आईजवळ, पार्वताबाईजवळ ठेवलं आणि दोन वर्षांनी येऊन घेऊन गेले. आम्ही दोघं एकाच वयाचे, एका गादीवर झोपायचो. तो गेला त्या सकाळचं मला फक्त एवढंच आठवतं, की त्याच्या नव्या बुटांचा वास घरभर पसरला होता.

बोल्टन नावाच्या गावात बाप-लेक राहू लागले. काका मुळात कमी बोलणारे, तिथे तर आणखीच गप्प झाले. घरात माणिकमावशीचा फोटो नव्हता. तिचं नाव कधी निघालं नाही. शाळेच्या जेवणघरात गजेंद्रने एकदा वाढणाऱ्या बाईला म्हातारीच्या आवाजात दटावलं, तेव्हा ती एवढी हसली की तिने त्याच्या ताटलीत दुसऱ्यांदा कस्टर्ड ओतलं. आपल्याजवळ काहीतरी आहे हे त्याला त्या दिवशी कळलं, असं तो सांगायचा.

कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं, पण संध्याकाळी तो पबच्या वरच्या खोलीत उभा राहून लोकांना हसवायचा. पुढची दहाएक वर्षं टॅक्सीवाला, डॉक्टर, पहिल्याच प्रसंगात मरणारा दुकानदार अशी कामं मिळाली. इंगोलेचं इंगोल झालं, गजेंद्रचं गॅझ. रेडिओवर दुसऱ्यांसाठी विनोद लिहिले. मग एका विनोदी कार्यक्रमात एक नटी आजारी पडली आणि तिच्या जागी गजेंद्र साडी नेसून उभा राहिला. प्रसंग साधाच होता. शेजारणीचा मुलगा लग्न ठरल्याचे पेढे घेऊन दारात येतो. लिहिलेलं वाक्य बोलण्याआधी गजेंद्रचा हात आपोआप पुढे गेला. त्याने त्या मुलाची कॉलर नीट केली, मायेने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे लग्न काही टिकत नाही, बाळा." प्रेक्षक हसायचे थांबेनात.

त्यातून मिसेस धांडे जन्मली. बोल्टनच्या एका गल्लीत राहणारी, न विचारता कोणाच्याही घरात शिरणारी, समोरच्याची कॉलर नीट करून मग त्याचं काय चुकलं ते तोंडावर सांगणारी बाई. नऊ वर्षं ती मालिका चालली. लिहायचा तोच, बाई व्हायचा तोच. मुलाखतीत विचारलं की सांगायचा, "ही माझी अमरावतीची मावशी आहे." आईच्या कानावर हे आलं तेव्हा ती म्हणाली, "सांगू दे. त्याच्या पोटाले मिळून राह्यलं ना."

मागच्या वर्षी जानेवारीत त्याचा फोन आला. "मावशी, मी येऊन राह्यलो."

मालिका बंद होणार होती. वाहिनीने त्याला शेवटचा, तासाभराचा एक भाग दिला होता आणि तो त्याला लिहिता येत नव्हता. एका खर्ड्यात त्याने मिसेस धांडेला मारलं, एकात विमानात बसवून भारतात पाठवलं. दोन्ही त्यानेच फाडले.

तो आला तेव्हा पन्नाशीचा, उंच, टक्कल पडलेला माणूस होता. कोट चांगला, इंग्रजी तर काय विचारूच नका. पण मराठी त्याच्याकडे होती ती सहा वर्षांच्या मुलाची. दारातून आत आला, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, मले भूक लागली व." आई गुडघे धरत उठली आणि भाकर टाकायला लागली. मीच तोंड फिरवून घेतलं.

त्याची झोप बिघडली होती. भरदुपारी गाढ झोपायचा आणि जागा झाला की अंगणात उन्हाला बसायचा. डोळे अर्धे मिटलेले. कोणीतरी बोलावेल म्हणून थांबलेला माणूस बसतो तसा. आई तूर निवडायची, वाती वळायची, आणि हा तिच्या हातांकडे पाहत राहायचा. काही दिवस असेच गेल्यावर त्याने मला हळूच विचारलं,

"वर्षाली, मावशी कोनाची कॉलर नीट नाही करत का?"

"आई? ती स्वतःचा पदर नीट करत नाही."

तो हसला, पण त्याचा चेहरा उतरला.

त्याच दुपारी मी मोबाइल टीव्हीला जोडून मिसेस धांडेचा एक भाग लावला. गजेंद्र नको नको म्हणत होता. आईने चष्मा पुसून लावला आणि पलंगावर बसली. भाषा तिला कळत नव्हती. पडद्यावर मिसेस धांडे कोणाच्यातरी स्वयंपाकघरात शिरली, भांड्यावरचं झाकण उचलून वास घेतला, मान एका बाजूला टाकली. आईचा वाती वळणारा हात थांबला. मिसेस धांडेने घरधन्याची कॉलर नीट केली. आई पुढे सरकली.

"हे कोन हाये?" तिने विचारलं.

"मीच हाये, मावशी."

"तू हायेस ते दिसून राह्यलं मले. बाई कोन हाये?"

गजेंद्र लाजला. "तू. तुलेच पाहून केली मी."

आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

"मी कावून अशी मान टाकीन? ही माणिक हाये," ती म्हणाली. "झाकण उचलून वास घेते ते पाह्य. मान पाह्य. कोनाले बोलाचं असलं की आधी त्याची कॉलर नीट करे ती. तुया आज्याले सुदा सोडलं नाही. माणिकच हाये ही. तुले कोनं दाखवलं?"

"कोनंच नाही," गजेंद्र म्हणाला. "मले मायचं काईच आठवत नाही, मावशी. तोंडसुदा नाही."

टीव्ही चालूच होता. कुठेतरी दूरचे लोक हसत होते. मी तो बंद केला. आई पलंगावरून उतरली, त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नंतर तो म्हणाला, "मले वाटे मी तिले करून राह्यलो. ती माह्याच अंगात येऊन बसली व्हती नऊ वर्षं." असं म्हणून तो तिथेच, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत आई हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीने अकोल्याला घेऊन गेले. माणिकमावशीची शेजारीण जहाँआरा अजून ताजनापेठेतच राहते, हे आईने सांगितलं होतं. सकाळी धुकं होतं. मूर्तिजापूरपर्यंत पुढचा रस्ता गाडी जाईल तेवढाच उघडत होता. कापसाच्या गाड्या गेल्या की बाभळीच्या काट्यांना कापूस अडकून राहतो. तो धुक्यात असा लोंबत होता, की गजेंद्रने मला दोनदा विचारलं, ही कसली फुलं आहेत. मी सांगितलं, फुलं नाहीत. तो काच खाली करून गार वारा तोंडावर घेत बसला. काटेपूर्णा नदीच्या पुलावर म्हणाला, "मी इथून आधी गेलो हाये." गेलाच होता, सहा वर्षांचा असताना, वडिलांबरोबर, परत न येण्यासाठी.

जहाँआरा सत्तरी ओलांडलेली, मशीनवर अजून फॉल-पिको करते. मी माणिकचं नाव घेतलं, तेव्हा तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि गजेंद्रला जवळ बोलावलं.

"बस बेटा. तोंड बापाचं हाये, बसणं मायचं," ती म्हणाली.

तिने चहा केला. भिंत दाखवली. पूर्वी तिथे एक खिडकी होती, त्यातून दोघी बोलायच्या, भाजी द्यायच्या. गजेंद्रने त्याच्या मराठीत विचारलं, माय कशी होती.

"जबान तेज होती. मले म्हने, जहाँआरा, तुया हातची बिर्याणी म्हणजे मेहनत जास्त अन् चव कमी. सारा मोहल्ला डरे तिले."

"लोकाईले राग नाही ये का?"

"कावून येईल? समजून घे," जहाँआरा म्हणाली. "जो तिले आवडे, त्यालेच ती बोले. जो नाही आवडे, त्याच्याशी गुळावानी गोड. एक घरमालक होता, मोठा खराब आदमी. त्याले कधी एक लफ्ज टेढा नाही बोलली. बसा, चहा घ्या, कसे आहात. आमी समजून जाऊ, याचं काई खरं नाही." ती हसली. "अन् तुया बापाले तर सुबह-शाम बोले. ते समोर उभे राहून आयकत, अन् हसत."

"बाबा हसत?"

"मोठ्यानं. इकडे आयकू ये."

गजेंद्रने कप खाली ठेवला. आम्ही बराच वेळ बसलो होतो. जहाँआरा तिच्या आठवणीतलं काही सांगे, मग मशीनचं चाक उगीच थोडं फिरवी. निघताना तिने त्याला परत यायला सांगितलं. तो हो म्हणाला.

परतताना धुकं गेलं होतं. सगळीकडे पिवळं, सुस्त ऊन पडलं होतं. मला वाटलं, हा झोपला असेल. पण मूर्तिजापूर मागे पडल्यावर तो इंग्रजीत बोलायला लागला. मोठ्या माणसाच्या गोष्टी त्याला मराठीत येत नव्हत्या.

म्हणाला, बाबा माझा प्रत्येक भाग पाहायचे. सात वर्षं, जाईपर्यंत एकही चुकवला नाही. आवाज अगदी लहान करून, सोफ्याच्या कडेला बसून. कधी हसले नाहीत. मला वाटायचं, मुलगा साडी नेसतो म्हणून त्यांना लाज वाटते. एकदा फक्त त्यांनी विचारलं, हे तू कुठून आणतोस? मी म्हणालो, मावशीकडून. ते म्हणाले, अच्छा. आणि उठून चहा करायला गेले. खूप वेळ स्वयंपाकघरात होते. चहा आणलाच नाही.

काकांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"त्याईले माहीत व्हतं," शेवटी तो मराठीत म्हणाला. "त्याईनं मले नाही सांगतलं."

मी गाडी बाजूला घेतली. तो खाली उतरून शेताच्या बांधापर्यंत गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. एक बैलगाडी गेली. गाडीवानाने त्याला पाहिलं, मला पाहिलं, आणि काही न विचारता पुढे गेला.

अमरावतीला पोचल्यावर गजेंद्र लिहायला बसला. आईच्या खोलीत, भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप. आई मध्येच विचारायची, "झालं का रे?" तो म्हणायचा, "होऊन राह्यलं." जायच्या आधी त्याने मला गोष्ट सांगितली. मालिकेत हॅरल्ड नावाचा एक म्हातारा शेजारी होता, बायको गेलेला, मिसेस धांडेच्या घरासमोर राहणारा. सबंध मालिकेत ती सगळ्या गल्लीला बोलते, फक्त त्याच्याशी अदबीने वागते. प्रेक्षकांना वाटायचं, तिचं त्याच्यावर प्रेम आहे. गजेंद्रलाही लिहिताना तसंच वाटत आलं होतं.

"चुकलंच माझं," तो इंग्रजीत म्हणाला. "इतकी वर्षं तिला तो आवडत नव्हता. शेवटच्या भागात आवडायला लागतो."

तो भाग नाताळात लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो अमरावतीला पाहिला. मी आईला वाक्यावाक्याला अर्थ सांगत होते. शेवटी मिसेस धांडे रस्ता ओलांडून हॅरल्डच्या घरात जाते, न विचारता. त्याची कॉलर नीट करते. मग ती त्याला सांगते: तू पडदे उघडत नाहीस, एकाच ताटलीत जेवतोस आणि तीही धुवत नाहीस, मुलाचा फोन आला की पाऊस कसा आहे तेवढंच विचारतोस. बोलतच राहते. म्हातारा खुर्चीत बसून ऐकतो आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत जातो. प्रेक्षकांचं हसू त्या भागात ठेवलेलंच नव्हतं. तिथेच भाग संपला.

आईने चष्मा काढला.

"मंग तो काय म्हणते?" तिने विचारलं.

"काही नाही. संपलं ते."

"असं कसं संपलं? ती एवढी बोलली. त्याले काई बोलू तर द्या."

मी संध्याकाळी फोनवर गजेंद्रला हे सांगितलं. तो म्हणाला, मावशीला फोन दे. आईने फोन कानाला लावला. तिच्या बोलण्यावरून मला एवढंच कळलं, की म्हाताऱ्याने काय म्हणायला पाहिजे हे तो तिला विचारतो आहे, आणि ती त्याला सांगते आहे, की घाई करू नको, आधी त्याले पोटभर हसू दे.