शंभरपैकी एकशे एक

यंदा आमच्या केंद्रात मुलांची हुशारी मोजायचं बंद झालं. आता अप्रगती मोजायची. त्यासाठी आमच्या केंद्रप्रमुखांनी, म्हणजे वीरधवल साहेबांनी, सूत्र काढलं: मागच्या चाचणीच्या गुणांत दहा मिळवायचे, ती मुलाकडून अपेक्षा. तेवढे पडले नाहीत की मूल अप्रगत.

कडेगावजवळच्या माझ्या शाळेत चौथीतल्या जयराजला मागं आठ होते, आता एकोणीस पडले. प्रगत. अर्फाला मागं एक्क्याण्णव, आता अठ्ठ्याण्णव. अपेक्षा एकशे एक. अप्रगत.

अप्रगतांचा जादा तास चारला आणि शिष्यवृत्तीचा वर्गही चारलाच. अर्फा वर्षभर त्या वर्गाची वाट बघत होती. आता तिला बाराखडी गिरवायची होती.

तिचे वडील तारिक गाद्या भरतात. काम अर्धं टाकून आले, केसांत कापूस तसाच.

"आवं सर, शंभरात एकशे एक कुठनं आणायचं?"

मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "पालकांनी नकारात्मक राहू नये. मुलीला प्रयत्न करायला सांगा."

पण साहेब दयाळू. दोन फेरचाचण्या मंजूर केल्या.

अर्फानं सूत्र वहीत उतरवलं, पाच मिनिटं बघितलं आणि थेट जयराजच्या बाकावर जाऊन बसली.

"जयराज, चुकायचं कसं रं?"

"त्यात काय? मी मन लावून सोडवतो. आपोआप चुकतंय."

"मला न्हाई जमत. खरं उत्तरच येतंय."

"लय अवघड हाय मग तुझं. बरं, खरं कसं येतंय ते दाव, मी बिघडवून देतो."

दोन दिवस दोघांनी डबाही विसरून अभ्यास केला. पहिल्या फेरचाचणीत अर्फाला पाच पडले. इतक्या कष्टानं पाच मिळवणारं मूल आमच्या शाळेत आधी झालं नव्हतं. दुसऱ्या फेरचाचणीत अपेक्षा पंधरा, पडले शंभर.

साहेब स्वतः गुलाबाचं रोप घेऊन आले. रोप मला.

"आठवड्यात पंच्याण्णव गुणांची वाढ! सर, ही पद्धत कडेगावपुरती ठेवू नका, पार वडूजपर्यंत जाऊ दे."

मी नम्रपणे मान हलवली. शिक्षकाला तेवढं यावं लागतं.

चारला अर्फा शिष्यवृत्तीच्या वर्गाकडे निघाली आणि दारात थांबली.

"सर, पुढच्या चाचणीला माझी अपेक्षा एकशे दहा."

"व्हय."

"म्हंजे दिवाळीआधी मला परत नापास व्हाय पायजे." ती काळजीत पडली. "पण शिकवणार कोण? जयराजची काल नऊ गणितं बरोबर आली."