दोन ब्रेकांची गाडी

मित्रांनो, जिला रस्त्यावर पाहिले की मागचे चालक आधीच हॉर्नवर हात ठेवतात आणि शेजारच्या गाड्या अंग चोरून पुढे सटकतात, ती मी. मी एक जुनी शिकवणीची गाडी आहे. माझ्या काचेवर लाल अक्षर असायचे आणि डोक्यावर पाटी. त्या पाटीमुळे मला कुणी मान दिला नाही, पण वाट मात्र सगळ्यांनी दिली.

माझा जन्म इतर गाड्यांसारखाच कारखान्यात झाला. पत्रे वाकवले, जोडले, रंग फासला आणि मला बहिणींच्या रांगेत उभे केले. कुणी बहीण डॉक्टरांच्या दारात गेली, कुणी मोठ्या कुटुंबात. मला न्यायला गाडी शिकवणारे मास्तर आले. त्यांनी मला घरी नेण्याआधी गॅरेजमध्ये नेले आणि चालकाच्या शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेकचे पेडल बसवून घेतले. शिकणाऱ्याचा पाय चुकला तर मास्तरांचा पाय गाडी थांबवणार, अशी ती सोय. तेव्हापासून मी दोन ब्रेकांची झाले.

नवखे हात म्हणजे काय, ते मला विचारा. गिअर टाकताना माझे दात कराकरा वाजायचे. क्लच जळून नाकातोंडात वास भरायचा. एक कारकून समोर ट्रक दिसला की डोळे मिटून घ्यायचे. एक आजोबा वळताना मला 'चल बाळा, चल' असे चुचकारायचे आणि स्टिअरिंग फिरवायचेच विसरायचे. मास्तर मात्र कधी आवाज चढवत नसत. ते आधी बरीच वर्षे बस चालवत होते आणि त्यांचा सगळा जीव सवयींवर होता. गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची. पट्टा लावल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. पुढच्या गाडीला चिकटायचे नाही. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीत माणसाचे डोके दिसले, की दार उघडणारच असे धरून चालायचे. हॉर्न सूचनेसाठी आहे, शिवी देण्यासाठी नाही.

लोक कंटाळत. आम्ही गाडी शिकायला आलो, हे प्रदक्षिणा काय घालायला लावतात, असे पुटपुटत. समोरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या शिकवणीत म्हणे हां हां म्हणता गाडी हातात देत. आमच्याकडची गर्दी हळूहळू पातळ झाली.

अशा दिवसांत सिस्टर आल्या. त्या मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. घरी त्या आणि त्यांची शाळकरी मुलगी, दोघीच. कित्येक वर्षे सिस्टर रात्रपाळी करत होत्या आणि मुलगी रात्री मामाकडे झोपायला जायची. आता दवाखान्याने रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देण्याचे नवे काम काढले होते. काम दिवसाचे, पण गाडी चालवता यायला हवी. सिस्टरांना ते हवेच होते. मुलीला आपल्या घरी, आपल्या शेजारी झोपवायचे होते.

त्या शिकत चांगल्या होत्या, पण मनात शंकांचे मोहोळ होते. निम्म्या शंका त्यांच्या दादाने भरवलेल्या. दादा पावाची व्हॅन चालवायचा आणि रस्त्यावर आपल्याइतका तयार चालक दुसरा नाही, असे त्याचे प्रामाणिक मत होते. मास्तर पुस्तकी शिकवतो, असे तो म्हणायचा. सगळे घुसत असताना तू एकटीच थांबलीस, तर मागचा येऊन ठोकेल, असे त्याने बहिणीला बजावले होते. सिस्टरांनी ते जसेच्या तसे मास्तरांपुढे ठेवले.

मास्तरांनी थोडा विचार केला. "मागचा ठोकेलही एखादवेळी," ते म्हणाले. "पत्रा चेपेल. पत्रा ठोकून सरळ होतो, सिस्टर. माणूस होत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं?"

ती शंका मिटली. पण दुसरी त्याहून खोल होती, आणि ती सिस्टरांची स्वतःची होती. मी नीट थांबले, की त्यांची नजर मास्तरांच्या पायाकडे जायची. तो पाय कायम पेडलवर टेकलेला. एकदा त्यांनी विचारलेच, "मास्तर, गाडी थांबवते कोण? मी की तुम्ही?"

मास्तरांनी उत्तर टाळले, कारण त्यांनाही ते नक्की ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. कुणाच्या पायाचा किती जोर, हे ज्याच्या अंगावर पडते त्यालाच कळते. सुरुवातीला बहुतेक वेळा मास्तरच थांबवत. मग तो जोर हलका होत गेला आणि पुढे नुसता टेकलेला पाय उरला. पण मला कोण विचारतो? माझ्याजवळ बोलायला हॉर्न तेवढा, तोही दुसऱ्याच्या हातात.

परीक्षा जवळ आली तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी दादा म्हणाला, मी मागे बसून बघतो तुमची शिकवणी. मास्तरांनी हसून दार उघडून दिले. त्या दिवशी आम्ही बाजारामागच्या गल्लीत शिरलो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गाड्यांची रांग. सिस्टर त्या रांगेपासून एक दार उघडेल एवढे अंतर राखून मला सावकाश नेत होत्या. मागे एक टेम्पो येऊन हॉर्न वाजवू लागला. दादाचा धीर सुटला.

"चिमे, दाब की जरा. अशानं पोचशील का कधी पेशंटकडे?"

मोठ्या भावाने परक्या माणसासमोर असे म्हटल्यावर सिस्टरांचे कान लाल झाले. पाय वेग वाढवायला सरकलाही. आणि मग तो तिथून उचलला गेला. पुढे एक करडी गाडी उभी होती आणि तिच्यात एक डोके हलत होते.

दार उघडले. एक तरुण बाप पाठमोराच बाहेर आला. खांद्यावर तान्हे बाळ, दुसऱ्या हाताने तो आतली पिशवी ओढत होता. त्याने मागे पाहिलेच नाही. माझा ब्रेक दाबला गेला, चाके कचकन धरली आणि मी थांबले. त्याची पाठ माझ्या बंपरपासून हातभर लांब होती. तो वळला. त्याने बाळाचे डोके गळ्याशी धरले आणि आपल्याच गाडीला टेकून उभा राहिला. मागच्या टेम्पोचा हॉर्नही गप्प झाला.

"मास्तर, तुमच्यामुळं वाचलं लेकरू," दादा मागून म्हणाला.

मास्तरांचा पाय तळाशी गेलेल्या पेडलवर तसाच होता. त्यांचा श्वास अजून बसला नव्हता. सिस्टरांनी मला कडेला घेतले, बंद केले आणि हात मांडीवर ठेवले. गाडी थांबवणारा पाय माझा नव्हता, असे त्या हळूच म्हणाल्या. परीक्षा नको, ते कामही नको, रात्रपाळी बरी. आज मास्तर होते, उद्या शेजारी कोण असेल? मग त्या उतरून मागे जाऊन बसल्या. मास्तरांनी मला चालवत परत आणले.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मला जेवढे बोलावेसे वाटले, तेवढे आयुष्यात कधी वाटले नाही.

पण कधी कधी न बोलताही बोलणे होते. मला जागेवर लावल्यावर मास्तर आपली पिशवी घ्यायला शेजारच्या सीटपुढे वाकले आणि त्यांचा हात सहज त्या पेडलवर पडला. ते लोण्यात बोट जावे तसे खाली गेले. त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मला तसेच कोपऱ्यावरच्या फिटरकडे नेले. फिटर माझ्याखाली शिरला आणि म्हणाला, दुसरे पेडल ब्रेकला जोडणारी वायर तुटली आहे.

आज जोरात दाबला म्हणून तुटली असेल, असे मास्तर म्हणाले. फिटरने वायरचे टोक बाहेर काढून दिव्याखाली धरले.

"आज तुटली असती तर टोक चकाकलं असतं, मास्तर. हे गंजलंय. बरेच दिवस झालेत."

मास्तर शेजारच्या टायरांच्या ढिगावर मटकन बसले. त्यांना आधी घाम फुटला. इतके दिवस आपण मेलेल्या पेडलवर पाय ठेवून निवांत बसलो होतो! मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर दुसरेच काही उमटू लागले. फिटरने विचारले, मग तुमचा पाय इतके दिवस करत काय होता? मास्तर म्हणाले, "कवायत." आणि दोघेही हसू लागले. हसता हसता मास्तरांनी डोळे पुसले.

नवी वायर पडली. सकाळी मास्तरांनी मला थेट सिस्टरांच्या दारात उभे केले. त्या नुकत्याच रात्रपाळीहून आल्या होत्या. दादाही भाचीला सोडायला आला होता. मास्तरांनी ते गंजलेले टोक सिस्टरांच्या हातात ठेवले आणि सगळे सांगितले.

"गाडी तुम्ही थांबवलीत, सिस्टर. काल, आणि त्याआधीही. माझा पाय नुसता शोभेला होता."

मग त्यांनी माफी मागितली. तुम्हाला रोज गाडीभोवती फिरायला लावतो, पण माझ्याच पेडलकडे मी वाकून पाहिले नाही, असे ते म्हणाले. सिस्टर ऐकत होत्या की नाही, कोण जाणे. त्या पायरीवर बसल्या होत्या. रडू आणि हसू एकदमच आले होते, आणि आधी कशाला वाट द्यावी हे त्यांना कळत नव्हते. मुलगी त्यांना बिलगून विचारत होती, आता तू रात्री घरी असणार का?

दादाने बहिणीच्या हातातले टोक घेऊन उलटसुलट पाहिले. मग म्हणाला, "चिमे, तो दार उघडणार हे तुला कसं कळलं?"

"आत डोकं दिसलं होतं."

"मीही तिकडंच बघत होतो," दादा म्हणाला. "मला नाही दिसलं."

एवढेच तो बोलला. पण त्याच्यासारख्या माणसाला तेवढे बोलायला किती लागले असेल, याचा विचार करा.

परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानाच्या कडेला झाडाखाली उभे होते. प्रत्येक वळणाला त्यांचा पाय मातीवर ब्रेक दाबत होता. इकडे सिस्टरांनी माझ्याभोवती फेरी मारली, पट्टा लावला, आरसा पाहिला. शेजारी परीक्षक बसले होते आणि त्यांनी दुसऱ्या पेडलला पायही लावला नाही. सिस्टर पास झाल्या. नवे काम मिळाले. पुढे त्या दवाखान्याच्या गाडीतून माझ्या शेजारून जात तेव्हा हॉर्न न वाजवता नुसता दिवा लुकलुकवत. दादाची पावाची व्हॅनही दिसायची. ती उभ्या गाड्यांपासून दार उघडेल एवढ्या अंतरावरून जाताना मी माझ्या दिव्यांनी पाहिली आहे. आणि मास्तर मरेपर्यंत नव्हे, पण निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी वाकून ते पेडल हाताने दाबून बघत. कंबर दुखायची, तरी वाकत.

पुढे माझेही वय झाले. मास्तरांच्या मुलाने नवी गाडी आणली आणि मी शेडच्या मागे गेले. माझ्या चाकांतून गवत वर आले. सीटमध्ये मुंग्यांनी संसार थाटला. एकदा भंगारवाला येऊन माझ्या दारावर टिचक्या मारून गेला. ते दिवस मी कसे काढले, ते मलाच ठाऊक.

पण जवळच्या शाळेच्या बाईंना एक बंद गाडी हवी होती. मास्तरांनी मला धुऊनपुसून त्यांच्या आवारात आणून उभे केले. आता मला इंजिन नाही, चाकांखाली विटा आहेत. तरी माझे काम शिकवण्याचेच आहे. एक मूल चालकाच्या सीटवर बसते आणि बाकीची माझ्या नाकासमोर खाली बसतात. मग बाई आतल्या मुलाला विचारतात, समोर कोण आहे? ते मूल मान उंचावून बघते आणि म्हणते, कुणीच नाही. तेवढ्यात समोरून सगळा वर्ग उठून उभा राहतो. त्या मुलाचा चेहरा तुम्ही पाहायला हवा.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. गाडी तुम्हाला दिसली म्हणजे चालकाला तुम्ही दिसलात, असे समजू नका. आणि मोठे होऊन गाडी हाती घ्याल तेव्हा तिची काळजी घ्या, आणि चांगल्या सवयी कुणी हसले म्हणून सोडू नका. नवखा चालक समोर दिसला, तर त्याच्यामागे हॉर्न वाजवू नका. त्याच्या मनात आधीच पुष्कळ आवाज असतात.

मी आयुष्यभर कच्च्या हातांत फिरले. धडकले, खरचटले, खांबांना टेकले. पण माझ्यामुळे एकाही घरात रडणे झाले नाही. विटांवर उभी असताना संध्याकाळी शाळा सुटते आणि सगळी मुले हसत खिदळत आपापल्या घरी जातात, तेव्हा हे आठवून मला फार हायसे वाटते.