खाऱ्या पाण्यातलं अंडं

त्या दिवशी सकाळपासून आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून लेकीच्या बॅगेपाशी, तिथून परत माझ्या पुढ्यात. आणि तोंड चालूच.

"जहाजाचा वेग गाठींत का मोजायचे, ठाऊक आहे? दोरीला गाठी मारून ती मागे पाण्यात सोडायचे. ठरलेल्या वेळात जितक्या गाठी हातातून सुटल्या, तितका वेग."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हाही हेच सांगितलं होतंत. माझा चहा गार झाला होता."

ह्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. डोळे तपासायचे, काचा बसवायच्या, दांडी कानामागे टोचत नाही ना ते बघायचं. जहाजांशी संबंध शून्य. समुद्र पाहिला तो पुस्तकात, आणि नदीपलीकडे जायच्या होडीत बसले तरी मळमळतं. पण जळी स्थळी जहाज! गिऱ्हाईक बिचारं भिंतीवरची अक्षरं वाचत असतं आणि हे मागून सांगत असतात की खलाशांच्या सडलेल्या हिरड्या लिंबाच्या रसाने कशा बऱ्या झाल्या. बाजारात ह्यांना सगळे 'कॅप्टन' म्हणतात. हे खूश होतात. मी मनात म्हणते, काठावरचे कॅप्टन.

ह्या खुळाला एकच खरा श्रोता मिळाला, तो म्हणजे आमची लेक. ती लहान असताना एका दुपारी ह्यांनी माझ्या ओट्यावर पेलाभर पाण्यात अंडं सोडलं. ते तळाशी जाऊन बसलं. मग हे त्यात मीठ घालत सुटले, आणि अंडं हळूहळू वर आलं. लेक टाळ्या पिटत घरभर नाचली. मी मात्र अर्धी बरणी रिकामी झाली म्हणून दोघांच्या नावाने बोटं मोडली. हेच खूळ तिला एक दिवस मालवाहू जहाजावर शिकाऊ अधिकारी म्हणून घेऊन जाईल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर उरलेलं मीठ मी लपवूनच ठेवलं असतं.

नेमणूक झाल्याचं ह्यांनी गावभर सांगितलं. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. पण लेकीला एकदाही 'जा' म्हणाले नाहीत. ती विचारायची, "बाबा, जाऊ ना?" आणि हे म्हणायचे, "नांगराच्या साखळीतल्या एका कडीचं वजन किती असेल, ओळख बघू." ती हसून ओळखायची. पण आदल्या दिवशी कपड्यांच्या घड्या करताना मला म्हणाली, "आई, ते मनापासून 'हो' म्हणाले नाहीत ना, तर माझा पाय निघणार नाही गं."

न्याहारीला ह्यांनी कहरच केला. घास हातात धरून म्हणाले, "एका राजाने मोठ्या हौसेने युद्धजहाज बांधलं होतं. पहिल्याच दिवशी निघालं, जरासा वारा आला, कललं आणि बुडालं. बघायला जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत!"

मी चमचा आपटला. लेक मात्र शांतपणे पाणी प्यायली. "ते वरून जड झालं होतं, बाबा. तुम्हीच सांगितलं होतंत."

"हो, हो. वरून जड," हे म्हणाले आणि घास तसाच ठेवून गॅलरीत निघून गेले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मला वाटत होतं, हा नेहमीचा तोंडाचा पट्टा आहे. ती भीती होती. तोंड बंद झालं असतं तर ती बाहेर पडली असती. मला त्यांची दया आली आणि रागही आला, कारण भीती मलाही वाटत होती आणि मला तर एकही गोष्ट सांगता येत नव्हती.

गोदी आमच्या नदीवरच, गावाच्या टोकाला आहे. माल भरून झाला होता. दुपारी जहाज नदीतून खाली समुद्राकडे निघणार होतं. कंपनीच्या माणसाने आम्हाला आत जायचे पास काढून दिले होते. धक्क्यावर डिझेलचा वास, ताणलेले दोर, गढूळ पाणी, आणि समोर ती तांबडी-काळी लोखंडी भिंत. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून जहाज बघून हे गप्प झाले. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

कसलं सुटतोय! हे धक्क्याच्या कडेला गेले आणि खाली वाकून बघू लागले. रखवालदार ओरडला तरी हलेनात. मग वळले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"रेघ बुडाली आहे," हे म्हणाले.

ही रेघ म्हणजे ह्यांचा सर्वांत लाडका किस्सा. पूर्वी म्हणे मालक जुनाट जहाजं ठासून भरायचे. बुडालं तर विम्याचे पैसे मिळायचे, खलाशी मेले तर मेले. शेवटी एका खासदाराने संसदेत आरडाओरडा केला आणि कायदा झाला. तेव्हापासून जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ रंगवतात आणि त्याच्या मधून आडवी रेघ. ती रेघ पाण्याखाली जाईल इतकं जहाज भरायचं नाही.

"वर्तुळाच्या मधली रेघ पाण्याखाली आहे. मी बघितली. जास्त भरलंय हे जहाज!" असं म्हणून ह्यांनी लेकीची बॅग ओढली आणि चक्क तिच्यावर बसले. "ही जाणार नाही."

"अहो, उठा. लोक बघतायत."

"बघू देत!"

दोर सांभाळणारी माणसं हसायला लागली. शिडीवरून एक अधिकारी खाली आला. "काय झालं, काका?"

"कायदा आहे म्हटलं! रेघ बुडाली की जहाज सोडत नाहीत!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नोकरीचा पहिला दिवस, अजून शिडीवर पाऊल पडायचं होतं, आणि बाप बॅगेवर ठाण मांडून बसलेला. लेकीचे कान लाल झाले होते. अधिकारी काही सांगू लागला, तर तिने त्याला हातानेच थांबवलं आणि ती ह्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, अंडं."

"काय?"

"पेल्यातलं अंडं. मीठ घालायच्या आधी कुठे होतं?"

"तळाशी," हे पुटपुटले.

"ही नदी आहे, बाबा. अजून मीठ पडलेलं नाही. समुद्रात पोचलं की जहाज आपोआप वर येईल, ती रेघही वर येईल. नदीच्या पाण्यासाठी शेजारी वेगळी खूण असते. ती बुडालेली नाही. बघा जाऊन."

ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. पण बघायला गेले नाहीत.

"मला ठाऊक होतं गं," म्हणाले. "मीच शिकवलं तुला. आज आठवेचना." आणि मग एकदम, सगळ्यांसमोर, "मला फार भीती वाटते."

"मलाही वाटते," लेक म्हणाली. "तरी मला जायचंय. जाऊ?"

हे उठले. बॅगेवरची धूळ झटकली, ती स्वतः उचलून तिच्या खांद्यावर दिली आणि पट्टा नीट केला, गिऱ्हाइकाची दांडी कानामागे बसवतात तसा.

"जा," म्हणाले. "जाऊन ये."

अधिकारी हसला. "काका, त्या गंजातून, पाण्याखालची रेघ दिसली तुम्हाला? नजर तेज आहे!"

"चष्म्याचं दुकान आहे," ह्यांनी नाक ओढत सांगितलं.

घरी आल्यावर मात्र हे एक अक्षर बोलले नाहीत. गाठी नाहीत, लिंबं नाहीत, कुठला राजा नाही. मला ते घर खायला उठलं. मी दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, काहीतरी सांगतील म्हणून. हे घड्याळाकडे बघत होते.

संध्याकाळी म्हणाले, "आता नदीच्या मुखाशी पोचली असेल."

मी उठले, ह्यांना ओट्यापाशी बोलावलं. पेला घेतला, पाणी भरलं, अंडं सोडलं आणि मिठाची बरणी ह्यांच्या पुढ्यात ठेवली. हे एकेक चमचा घालू लागले. मीठ ओट्यावर सांडत होतं. अंडं तळाशीच.

"घाला अजून," मी म्हटलं. "काटकसर करू नका."

हे घालत राहिले, ढवळत राहिले. आणि अंडं तळ सोडून हळूच वर आलं. त्याचं टोक पाण्याबाहेर आलं, तेव्हा मी टाळी वाजवली. आणि मग मला रडू फुटलं.