बाहेर आल्याची वेळ

“बाबूजी, साहेबाले सांगून टाका ना,” पाठीवरच्या सिलिंडरचे पट्टे आवळत धम्मदीप हळूच म्हणाला. “मी तं नागपूरच्या ट्रेनिंगच्या टाक्यातच उतरलो होतो. तिथं पाय टेकत होते.”

“आता काहून सांगून राहिला?” आनंदरावांनी वही छातीशी धरली. “सही माही हाये त्याच्यावर.”

सिहोऱ्याकडचा तो तलाव सकाळपासून गप्प होता. गावातल्या मालनबाईचा मुलगा काल डोंग्यातून, लहान होडीतून पडला, तो वर आलाच नव्हता. त्याला आता कसलीच घाई नव्हती. घाई होती ती काठावरच्यांना.

आनंदराव आपत्ती विभागात कारकून. पाणबुड्यांचं सामान आलं तेव्हा मागोमाग परिपत्रकही आलं होतं: पाणबुड्याने प्रत्येक बुडीची नोंद ठेवावी, दरमहा अहवाल पाठवावा, अनुभव कमी भरल्यास नाव यादीतून वगळावं. पहिल्या महिन्यात कोणी बुडालं नाही. आनंदरावांनी प्रामाणिकपणे ‘निरंक’ कळवलं, तर वरून खुलासा मागवला गेला. त्यानंतर त्यांनी विभागाला पुन्हा निरंक राहू दिलं नाही. चहा घेता घेता ते धम्मदीपला टेबलावरच पाण्यात उतरवत आणि चहा संपायच्या आत बाहेर काढत. शेरा ठरलेला: ‘पाणी स्वच्छ’. पोराची रोजंदारी टिकली, अहवाल वेळेत गेले, कुणाचं काही बिघडलं नाही. आणि एक दिवस धम्मदीप विभागातला सर्वांत अनुभवी पाणबुड्या झाला.

साहेब जवळ आले. “अनुभवी आहे ना हा?”

आनंदरावांनी वही उघडली. “वहीत तसं आहे साहेब,” ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

मालनबाई चिखलातून उठून आली. तिनं धम्मदीपच्या हाताला धरलं. “बापू, माह्या पोराले आण रे. तुले लय सवय हाये म्हनतेत.”

धम्मदीपनं आनंदरावांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “आनतो माय.”

डोंग्यात बसताना तो म्हणाला, “लिहून ठेवा बाबूजी. एक बुडी तं खरी राहू द्या.”

पाणी चहासारखं होतं. डोंगा आत गेला. सोबतच्या मंगेशनं दोर धरला, धम्मदीप उलटा कलंडला आणि त्याच्यामागे पाणी मिटलं. आनंदरावांनी ओळ लिहिली.

सुरुवातीला बुडबुडे एका जागी येत होते. मग ते जुन्या बुडालेल्या झाडांच्या बाजूला सरकले. मग दाट आले, घाईघाईनं. मग आलेच नाहीत.

“बाबूजी!” मंगेश ओरडला. “दोर अटकला! वढून राहिलो तं येऊन नाही राहिला!”

आनंदराव साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडलं. “साहेब, तो पहिल्यांदाच उतरला आहे.”

साहेबांनी वही ओढून घेतली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि घड्याळ पाहिलं.

आनंदरावांच्या हातानं सवयीनं अख्खी ओळ भरली होती. बाहेर आल्याची वेळही, शेराही: पाणी स्वच्छ. वहीत धम्मदीप मघाशीच बाहेर आला होता.

मालनबाई मात्र पाण्याकडेच पाहत होती. आता ती दोघांची वाट पाहत होती.